आयरिश खेड्यातली स्थळनावं आणि दंतकथा कशा टिपायच्या: टाउनलँडपासून शेताच्या बांधापर्यंत

आयर्लंडच्या खेड्यात ‘तुम्ही कुठले?’ असं विचारलं की उत्तरात टाउनलँडचं नाव येतं. टाउनलँड म्हणजे गाव नव्हे. तिथे घरं असतील किंवा नसतील, पण शिव पक्की ठरलेली असते. आपलं ‘शिवार’ डोळ्यांपुढे आणलं तर कल्पना जवळपास येते. सगळ्या बेटावर असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. सरासरी क्षेत्र तीनशे एकरांच्या आसपास, पण एकराहून लहान टाउनलँडही आहेत आणि मेयो काउंटीत सात हजार एकरांपर्यंतचेही. त्यांची नावं नकाशावर सापडतात. आतल्या शेतांची, झऱ्यांची, खडकांची, वळणांची नावं मात्र बहुतेक वेळा सत्तरी-ऐंशीतल्या चार-दोन माणसांच्या तोंडीच उरली आहेत. हे मार्गदर्शन मुख्यतः या आतल्या नावांसाठी आहे. आयर्लंडात राहणारी मराठी माणसं आता लहान गावांतही आहेत आणि हे काम करायला आयरिश भाषा यावीच लागते असं नाही. नीट ऐकता आलं पाहिजे आणि सगळ्या कामाचा क्रम पाळला पाहिजे.

तो क्रम असा: आधी जागा, मग कागद, मग माणूस, मग पायवाट, आणि अर्थ सर्वांत शेवटी. बहुतेकांचं काम बिघडतं ते शब्दकोश उघडून अर्थापासून सुरुवात केल्यामुळे. एकदा अर्थ डोक्यात बसला की पुढे कान त्याला सोयीचं तेवढंच ऐकतात.

टाउनलँड नक्की करा

एकच नाव अनेक ठिकाणी असतं. किलमोर किंवा टल्ली या नावांचे टाउनलँड काउंटीगणिक भेटतील. म्हणून पहिल्या पानावर लहान विभागाकडून मोठ्याकडे पूर्ण साखळी लिहा: टाउनलँड, सिव्हिल पॅरिश, बॅरोनी, काउंटी. सिव्हिल पॅरिश (जुना सरकारी विभाग) आणि आजची कॅथलिक पॅरिश (चर्चचा विभाग) यांच्या हद्दी सारख्या नसतात. गावकरी सांगतात ती कॅथलिक पॅरिश, जुन्या कागदात असते ती सिव्हिल. दोन्ही वेगळ्या रकान्यांत ठेवा, नाहीतर पुढचा सगळा शोध चुकीच्या गठ्ठ्यात होईल. २०१५ पासून आयर्लंड प्रजासत्ताकात प्रत्येक घराला एअरकोड हा टपालाचा संकेतांक मिळाला आहे. पत्र पोचवायला तो चांगला, पण त्यातून टाउनलँड कळत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९७०च्या दशकात टपाल खात्याने रस्त्याचं नाव आणि घरक्रमांक आणले, त्यामुळे तिथे तरुणांना आपला टाउनलँड ठाऊक नसणं ही रोजचीच गोष्ट आहे. तिथे थेट आजी-आजोबांकडे जा.

साखळी पडताळायला ‘लॉगनम’ हा सरकारी स्थळनाव-कोश मोफत आहे. त्यात नावाचं आयरिश रूप, नकाशा, काही नावांचे ध्वनिमुद्रित उच्चार, आणि अभ्यास झालेल्या नावांखाली जुन्या दस्तऐवजांतली रूपं वर्षासकट मिळतात. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांसाठी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातला स्थळनाव-प्रकल्प पाहावा. जुनी रूपं उतरवून घ्या, अर्थाचा रकाना मात्र अजून कोरा ठेवा.

नकाशे

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याची आयर्लंडची मोजणी १८२४ साली ठरली आणि मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे १८४६ पर्यंत सगळ्या काउंट्यांसाठी तयार झाले. प्रमाण १:१०,५६०, म्हणजे कागदावरच्या एका सेंटिमीटरला जमिनीवर सुमारे १०६ मीटर. (याच मोजणीसाठी थॉमस कोल्बी यांनी उष्णतेनेही लांबी न बदलणाऱ्या मापपट्ट्या तयार करून घेतल्या. तशाच पट्ट्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी भारतातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी नेल्या.) सैनिक मोजणी करत आणि नावं ठरवण्यासाठी जॉन ओ’डोनोव्हन हा किलकेनीचा विद्वान गावोगाव फिरून आयरिश बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारत असे. त्याच्या नोंदी ‘नेम बुक’मध्ये आहेत: ऐकलेलं नाव, वेगवेगळी स्पेलिंगं, कुणाच्या आधारे, जागा कुठे, आणि वर्णन. नकाशावर छापलेलं रूप म्हणजे आयरिश उच्चाराला इंग्रजी अक्षरांत बसवण्याचा प्रयत्न आहे. ते मूळ नाव नव्हे. एवढं लक्षात ठेवलं तर निम्म्या चुका टळतात.

पहिल्या आवृत्तीत एक अडचण आहे. उत्तरेकडच्या सुरुवातीच्या काउंट्यांत शेतांचे बांध दाखवलेलेच नाहीत. शेतांच्या नावांसाठी म्हणून पुढचे मैलाला पंचवीस इंचांचे नकाशे घ्या (१:२,५००, एक सेंटिमीटरला २५ मीटर). त्यात प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि क्षेत्रफळ आहे. हे जुने नकाशे सरकारी नकाशा-दर्शकावर फुकट पाहता येतात. ए-३ कागदावर या प्रमाणात १,०५० बाय सुमारे ७४० मीटर, म्हणजे साधारण १९० एकर मावतात. तीनशे एकरांच्या टाउनलँडला दोन-तीन पानं लागतील आणि पानांच्या कडा दोन सेंटिमीटर एकमेकींवर येऊ द्या. दोन प्रती काढा. एक घरी स्वच्छ ठेवा, दुसरी पेन्सिल लावायला न्या. १९६० नंतर यंत्रांसाठी बांध मोडून शेतं जोडली गेली, त्यामुळे आजच्या उपग्रहचित्रात जिथे एक शेत दिसतं तिथे जुन्या नकाशात चार असतात, आणि चौघांनाही नाव असतं.

कागद

१९२२च्या ३० जूनला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. म्हणून त्यांच्या जागी दुसरे कागद वापरावे लागतात. ग्रिफिथचं मूल्यांकन (१८४७–६४), म्हणजे करासाठी केलेली घर-जमिनीची मोजदाद, हे सर्वांत कामाचं: टाउनलँडनुसार कूळ, जमीनमालक, घर, क्षेत्र, आणि नकाशावरच्या तुकड्याचा क्रमांक. त्याआधीची टाइद, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांश कराची, नोंदवही (१८२३–३७) पोटनावं जास्त देते. १९०१ आणि १९११ची जनगणना राष्ट्रीय दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर मोफत आहे, पण ती डिस्ट्रिक्ट इलेक्टोरल डिव्हिजनप्रमाणे (निवडणूक-विभागाप्रमाणे) लावलेली आहे, पॅरिशप्रमाणे नाही. ‘आमचा टाउनलँड सापडत नाही’ अशी तक्रार येते ती बहुधा यामुळेच. त्या दोन जनगणनांमधले घरक्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा घर ओळखायचं ते माणसांवरून.

एकराचा घोळ हमखास होतो. जुन्या कागदांत, टाइद नोंदवहीतसुद्धा अनेकदा, आयरिश एकर असतो आणि तो आजच्या एकराच्या १.६२ पट मोठा. म्हणजे पन्नास आयरिश एकर म्हणजे एक्याऐंशी साधे एकर. ग्रिफिथमध्ये साधे एकर आहेत, त्यांचे भाग एकर-रूड-पर्च असे लिहिलेले. मराठी माणसाला ते सोपं आहे: एक रूड म्हणजे दहा गुंठे, चार पर्च म्हणजे एक गुंठा.

ग्रिफिथमध्ये नावापुढे कंसात ‘रुआ’ (तांबडा) किंवा बापाचं नाव दिसलं तर ते सोडू नका. एकाच आडनावाची दहा घरं असली की अशी ओळख लागायची. कॉर्कच्या बेअरा भागात ओ’सुलिव्हन इतके आहेत की शाखांना स्वतंत्र नावं पडली. गावात लोक आजही त्याच टोपणनावांनी बोलतात, आणि शेताचं ‘जॉन रुआचं’ हे नाव कुणाचं ते तिथेच उलगडतं.

शाळकरी मुलांचा खजिना

आयरिश लोककथा आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात दक्षिणेतल्या सव्वीस काउंट्यांतल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांकडून एक काम करून घेतलं. अकरा ते चौदा वर्षांची मुलं घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणत: स्थळनावं, पवित्र विहिरी, परींचे किल्ले, पुरलेलं धन, दुष्काळाच्या आठवणी. विषय पंचावन्न होते आणि लिहिणारी मुलं पन्नास हजारांहून अधिक. हे सगळं ‘दूखस’ या संकेतस्थळावर हस्ताक्षरातल्या पानांसकट आहे. १९३७ साली पंचाहत्तरीत असलेली आजी १८६०च्या आसपास जन्मलेली, म्हणजे तिच्या आईबापांनी १८४५चा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेला.

शोधताना टाउनलँड नव्हे, शाळा शोधा. एका शाळेत आठ-दहा टाउनलँडची मुलं येत. शिक्षकाने निवडलेला मजकूर बांधीव खंडात उतरवलेला आहे आणि न निवडलेला मुलांच्या मूळ वह्यांत राहिला आहे. खंडात काही नाही म्हणून थांबू नका, वह्या उघडा. आयरिश मजकूर जुन्या लिपीत असेल तर तिथे ‘र’ आणि ‘स’ची अक्षरं एकमेकांसारखी दिसतात, आणि व्यंजनावरचा ठिपका म्हणजे आज जिथे ‘एच’ लिहितात ते. प्रत्येक नोंदीजवळ खंड आणि पृष्ठ लगेच लिहा. नंतर ते पान परत सापडायला अर्धा दिवस जातो.

माणसांकडे जाताना

वेळ महत्त्वाची. फेब्रुवारी-मार्चमध्ये गायी वितात, मेंढ्यांना पिल्लं होतात; मे-जूनमध्ये सायलेजची घाई. नोव्हेंबर ते जानेवारी बरं. दूध काढायच्या वेळा सोडून, सकाळी अकराच्या सुमारास किंवा रात्री सातनंतर जावं. ओळखीतून जा, रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि चहा दिला तर घ्या. पहिल्या भेटीत नकाशा पसरा, रेकॉर्डर बाहेर काढू नका.

‘इथल्या काही दंतकथा आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर ‘छे, तसलं काही नाही’ असंच येणार. त्याऐवजी विचारा: हे शेत कशाने ओळखता? गुरं कुठे वर नेता? सर्वांत ओली जमीन कुठली? रात्री गप्पांना कुणाच्या घरी जमायचे? दक्षिणेत त्या घराला रॅम्बलिंग हाउस म्हणतात, उत्तरेत केली हाउस, आणि बहुतेक गोष्टी त्याच चुलीपाशी ऐकलेल्या असतात.

दुसऱ्या भेटीत परवानगी घेऊन मुद्रण करा. फोन विमान-मोडवर, मुद्रण डब्ल्यूएव्ही प्रकारात, फोन माणसापासून हातभर अंतरावर टेबलावरच्या दुमडलेल्या टॉवेलवर. फ्रिज आणि घड्याळापासून दूर बसा. सुरुवातीला तारीख, जागा आणि नाव मोठ्याने बोला. प्रत्येक स्थळनाव तीनदा म्हणून घ्या: एकटं, वाक्यात, आणि ‘तिकडे चाललो’ असं म्हणताना. तिसऱ्यात खरं रूप बाहेर येतं. लिस म्हणजे मातीचा गोल किल्ला; माणूस नुसतं ‘लिस’कडे ऐवजी ‘द लिस’कडे चाललो म्हणाला तर समजा, ते त्याच्या लेखी अजून वस्तूचं नाव आहे.

उच्चार देवनागरीत लिहा. ही आपली खरी सोय आहे. आयरिशमधला जाड ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत, ते इंग्रजी अक्षरांत हरवतात, आपल्याला सहज लिहिता येतात. जोर कुठल्या अवयवावर पडतो तिथे रेघ मारा. किलमोरमध्ये जोर ‘मोर’वर पडतो, कारण मोठेपणा सांगणारा शब्द मागे आहे. फिनग्लस किंवा डग्लसमध्ये तो पहिल्या अवयवावर आहे, कारण तिथे विशेषण पुढे येऊन जोडशब्द झालेला: पांढरा ओढा, काळा ओढा.

ऐकताना काही शब्द फसवतात. आयरिश शेतकऱ्याच्या इंग्रजीत ‘डिच’ म्हणजे चर नव्हे, मातीचा उंच बांध. ‘स्ट्रीट’ म्हणजे घरापुढचं अंगण. ‘हॅगर्ड’ म्हणजे गंजी रचायची जागा, आपली खळवाडी. ‘बोरीन’ म्हणजे पाणंद. ‘मेहल’ म्हणजे अगदी इर्जिक. ‘डिचपलीकडचं शेत’ हे चरापलीकडचं समजून नकाशावर लिहिलं की पूर्ण रांग एका घराने सरकते.

किल्ले, विहिरी, आणि न बोलायच्या जागा

नकाशावर रेघांचं लहानसं वर्तुळ दिसलं तर तो बहुधा रिंगफोर्ट, मध्ययुगाच्या सुरुवातीच्या काळातल्या शेतकरी कुटुंबाची मातीच्या गोल तटबंदीतली वस्ती. अशा सुमारे पंचेचाळीस हजार जागा नोंदल्या आहेत. मातीचा असेल तर नावात राह किंवा लिस येतो, दगडी असेल तर कॅशल किंवा काहिर. लोकांसाठी तो परींचा किल्ला. मात्र ‘परी’ हा शब्द जुनी माणसं टाळतात, ‘चांगली माणसं’ म्हणतात. रात्री सापाला आपण ‘जनावर’ म्हणतो, तसंच. तुम्हीही तोच शब्द वापरा. तिथला काटेरी व्हाइटथॉर्न तोडला की घरावर संकट येतं ही समजूत अजून जिवंत आहे. क्लेअरमधल्या लाटूनचं असं एक झाड १९९९ साली महामार्गाच्या कामात वाचवलं गेलं. ‘किल्ल्याखालून चर्चपर्यंत भुयार जातं’ ही गोष्ट ऐकली तर तिथे खरोखर दगडी भूमिगत वाट असू शकते, पण ती काही मीटरचीच. आत शिरू नका. मेटल डिटेक्टर तर आणूच नका. परवानगीशिवाय पुरातन वस्तू शोधण्यासाठी तो वापरणं गुन्हा आहे.

पवित्र विहिरीचं नाव अनेकदा उपयोग सांगतं: तोबर न सूल म्हणजे डोळ्यांची विहीर. कुठला दिवस, किती प्रदक्षिणा, काय ठेवतात, पाणी उकळत नाही असं म्हणतात का, हे सगळं लिहा. प्रदक्षिणा उजवीकडूनच, सूर्य फिरतो त्या दिशेने, घालतात. संताच्या दिवशीच्या जत्रेला ‘पॅटर्न’ म्हणतात.

‘किलीन’ या जागेशी फार जपून वागावं. बाप्तिस्मा न झालेली बाळं इथे पुरली जात, बहुतेकदा रात्री, बापाच्या किंवा काकाच्या हातून, खुणेला एखादा ओबडधोबड दगड. विसाव्या शतकातही हे चालू होतं, म्हणजे समोर बसलेल्या आजीचं भावंड तिथे असू शकतं. हा विषय आपण काढू नये. त्यांनी काढला तर रेकॉर्डर बंद करू का, हे विचारावं. अचूक जागा आणि छायाचित्र कुटुंबाच्या होकाराशिवाय कुठेही टाकू नये. १९२२-२३च्या यादवी युद्धातली नावं आणि जमीन बळकावल्याच्या गोष्टींनाही हाच नियम लावा: लिहून ठेवा, पण छापू नका.

दंतकथेतला इतिहास वेगळ्या रकान्यात तपासा. प्रत्येक पडकं चर्च क्रॉमवेल या इंग्रज सेनापतीने पाडलं असं सांगतात, पण तो ऑगस्ट १६४९ ते मे १६५० एवढाच आयर्लंडात होता आणि शॅननच्या पश्चिमेला गेलाच नाही. किल्ले ‘डेन लोकांनी’ बांधले हेही तसंच. म्हणून गोष्ट खोडू नका. डावीकडे ‘लोक काय सांगतात’, उजवीकडे ‘कागद काय सांगतो’, दोन्ही शेजारी राहू द्या.

शिव चालणं

आयर्लंडात कुणाच्याही शेतातून चालण्याचा हक्क नाही. प्रत्येक मालकाची परवानगी घ्या. फाटक जसं होतं तसंच ठेवा, कुत्रं नेऊ नका, वळूचं शेत विचारून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत गवत खुरटलेलं आणि ऊन तिरपं असतं, तेव्हा बुजलेले बांध सावलीने उठून दिसतात. टाउनलँडची शिव बहुधा ओढ्याने किंवा दुहेरी बांधाने जाते.

समजा, एका शेताला सगळे ‘पार्कलॅसा’ म्हणतात आणि शेत तर सपाट आहे. घाईत कुणी इंग्रजी ‘लॅस’, म्हणजे मुलीचं शेत, असं लावेल. पंचवीस इंची नकाशात काही नाही. पण सहा इंची पहिल्या आवृत्तीत त्याच जागी छोटं वर्तुळ आहे, आणि कोरड्या जुलैतल्या उपग्रहचित्रात गवताचा गोल पट्टा वेगळ्या रंगाचा. ‘पार्क अन लॅसा’: लिसचं शेत. लिस नांगरला गेला, नाव राहिलं. अशा नोंदीत चार गोष्टी एकत्र हव्यात: देवनागरी उच्चार, सांगणाऱ्याचं वय आणि टाउनलँड, नकाशावरचा तुकडा-क्रमांक, आणि तारीख. यातली एक जरी सुटली तरी पुढच्या माणसाला ती नोंद तपासता येत नाही.

आता अर्थ

नेहमीचे अवयव थोडेच आहेत. बॅली म्हणजे वस्ती, नॉक म्हणजे टेकडी (उत्तरेकडे उच्चार ‘क्रॉक’ होतो, म्हणून तिथे क्रॉकने सुरू होणारी नावं), ड्रम म्हणजे लांबट उंचवटा, क्लोन म्हणजे कुरण, डेरी म्हणजे ओकची राई, गॉर्ट म्हणजे कसलेलं शेत, कॅरो म्हणजे चौथा हिस्सा. खरा पेच ‘किल’चा. ‘किल्य’ म्हणजे चर्च आणि ‘कैल’ म्हणजे जंगल, इंग्रजीत दोन्ही ‘किल’ होतात. कॅव्हनचं किलमोर म्हणजे मोठं चर्च. गॉलवेतलं काइलमोर म्हणजे मोठं जंगल, तिथे स्पेलिंगने उच्चार जपला. तुमच्या ‘किल’चं काय ते स्थानिक उच्चार, जुनी रूपं आणि जमिनीवर चर्चची खूण आहे का, यावरून ठरवा, निर्णय होत नसेल तर दोन्ही शक्यता लिहा.

इंग्रजी शब्दांसारखी दिसणारी नावं विशेष तपासा. लेटरकेनीतलं ‘लेटर’ म्हणजे ओली उतरण. मनीमोरमधलं ‘मनी’ म्हणजे झुडुपांची दाटी. अ‍ॅथबॉयमधलं ‘बॉय’ म्हणजे पिवळा. टिपरेरीतलं गोल्डन हे सोन्याशी नव्हे, दुबेळक्याशी जोडलेलं. कॉर्कमधलं ओव्हन्स म्हणजे गुहा. आणि लांब स्वराची खूण विसरू नका. आपल्या सुत-सूतसारखा तिथेही फरक पडतो: ‘शान’मध्ये स्वर ऱ्हस्व असेल तर ‘जुना’, दीर्घ असेल तर माणसाचं नाव शॉन. शॅनबॅली म्हणजे जुनी वस्ती, कुणा शॉनची नव्हे.

नोंदी कुठे ठेवायच्या

छापील रूप ठरवताना लोकांच्या तोंडचं नाव पुढे ठेवा. केरीतल्या डिंगलचं अधिकृत नाव २००५ साली फक्त ‘अन डँगन’ झालं, गावाने त्याविरुद्ध मतदान केलं आणि २०११ साली कायद्याने डिंगल परत आलं. नावं आणि नकाशा ‘मेहल लॉगनम’वर चढवा, एक छापील प्रत काउंटी ग्रंथालयाच्या स्थानिक अभ्यास विभागात द्या. मीथ, लाउथ आणि किलकेनीत शेतनावांचे प्रकल्प झाले आहेत, त्यांचा साचा वापरता येईल.

त्याआधी नकाशा घेऊन परत त्याच स्वयंपाकघरात जा. चष्मा लावून त्या माणसाला तुकडा-तुकडा वाचू द्या आणि पेन्सिल त्याच्या हातात द्या. जे शेत कुणालाच आठवत नाही त्याची चौकट कोरी ठेवा, कोपऱ्यात तारीख घाला, आणि तिचा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. शिवेपलीकडच्या टाउनलँडमध्ये गेलात की पहिल्यांदा त्याच शेताबद्दल विचारा.